नाव बदललेले चार पब : चेअरिंग क्रॉस ते सोहो

मध्य लंडनमधल्या पबच्या पाटीवर फार विश्वास ठेवू नये. पाटी मालकाच्या किंवा ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या, मर्जीने बदलते. जुनं नाव शोधायचं तर मान वर करा: भिंतीतली कोरीव अक्षरं, काचेवरची नक्षी, उंबऱ्याजवळच्या फरश्या. ते काढायला खर्च येतो, म्हणून पुष्कळदा राहून जातं. खालचे चारही पब एकाच दुपारी पायी होतात.

चौघांत सरस डीन स्ट्रीटवरचं 'फ्रेंच हाउस'. १९८४ पर्यंत पाटीवर 'यॉर्क मिन्स्टर' होतं, पण दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच नेते द गॉल यांच्या गोटातली मंडळी इथे जमत, त्यामुळे लोकांच्या तोंडी 'फ्रेंच'च बसलं. १९८४ च्या जुलैत यॉर्कच्या कॅथीड्रलला, म्हणजे खऱ्या 'यॉर्क मिन्स्टर'ला, आग लागली आणि दुरुस्तीच्या देणग्या चुकून या पबच्या पत्त्यावर येऊ लागल्या, असं सांगतात. मग तोंडातलं नाव पाटीवर चढलं. नाव बदलायचं तर असं बदलावं! बिअर फक्त हाफ पाइंट, म्हणजे २८४ मिली. पूर्ण पाइंट वर्षातून एकदा, १ एप्रिलला. संगीत नाही, टीव्ही नाही, मोबाइलवर बोलणं चालत नाही. तळमजला जेमतेम एका खोलीचा, भिंती फोटोंनी भरलेल्या. ऑफिसं सुटली की बारपर्यंत पोचायलाच वेळ जातो, म्हणून दुपारीच जा. जेवायचं असेल तर वरच्या मजल्यावरचं टेबल आधी सांगून ठेवा.

पश्चिमेला थोडं चाललात की ब्रॉडविक स्ट्रीटवर 'जॉन स्नो' लागतो. आधीचं नाव 'न्यूकॅसल-अपॉन-टाइन'. १९५० च्या दशकात, कॉलऱ्याच्या साथीला शंभर वर्षं झाली तेव्हा बदललं. १८५४ मध्ये डॉ. स्नो यांनी ही साथ इथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतेय हे दाखवून दिलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. मूळ पंपाची जागा पबलगतच आहे. आता रस्त्यावर उभी असलेली प्रतिकृतीही बिनदांड्याचीच. डॉक्टर दारूबंदीवाले होते, म्हणजे सत्कार जरा तिरकसच झाला. पब सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीचा, त्यामुळे सगळी बिअर त्यांचीच. ओळखीचे ब्रँड मागू नका.

कोव्हेंट गार्डनजवळ रोझ स्ट्रीटच्या बोळातला 'लँब अँड फ्लॅग' १८३३ पर्यंत 'कूपर्स आर्म्स' होता. इथे उलटा प्रकार: नाव जुनं, पण दर्शनी विटा १९५८ च्या आसपासच्या. पब फुलर्स या पब चालवणाऱ्या कंपनीचा. कास्क एल, म्हणजे हातपंपाने ओढलेली बिअर प्यायची तर इथे प्या. ती ११ ते १३ अंशांना देतात. कोमट लागली म्हणून तक्रार करू नका, बर्फासारखी थंड असेल तर मात्र चव दबते. पिंप उघडलं की हवा आत शिरते, तीनेक दिवसांत बिअर उतरू लागते. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ग्लास परत करा, शहाणा बारवाला निमूट बदलून देतो. दुपारचा पहिला पाइंट रात्रभर नळीत राहिलेल्या बिअरचा असू शकतो, तो दुसऱ्याला जाऊ द्या. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपलेली. ऑर्डर बारवरच द्यायची, पैसेही तिथेच. रांग दिसत नसली तरी आपल्या आधी कोण आलंय याचं भान ठेवायचं.

नॉर्थंबरलँड स्ट्रीटवरचा 'शेरलॉक होम्स' १९५७ पर्यंत 'नॉर्थंबरलँड आर्म्स' होता. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या राष्ट्रीय महोत्सवासाठी सजवलेली होम्सची बैठकीची खोली वरच्या मजल्यावर मांडली आहे, ती काचेतून बघता येते. खोली बघण्यासारखी, पण बाकी सगळा कारभार पर्यटकांसाठी. वेळ कमी असेल तर हाच गाळा.