कोटलिनचा बायनरी कम्पॅटिबिलिटी व्हॅलिडेटर: आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या कोटलिन भाषेतल्या लायब्ररीचा एक पॅच रिलीज काढला. बदल केवढासा? एका फंक्शनला तिसरा पॅरामीटर, तोही डिफॉल्ट व्हॅल्यूसकट, म्हणजे दिला नाही तरी चालेल असा. ‘जुना कोड जसाच्या तसा कंपाइल होतो’ असं पुल रिक्वेस्टमध्ये मीच छातीठोकपणे लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं. दोन दिवसांनी एका टीमचं ॲप चालता चालता कोसळलं. नो सच मेथड एरर, म्हणजे हवं ते फंक्शन सापडलंच नाही.

त्या ॲपमध्ये आमची लायब्ररी दोन वाटांनी येत होती: एक थेट, दुसरी एका मधल्या मॉड्यूलमधून, आणि ते मॉड्यूल आमच्या आधीच्या आवृत्तीवर कंपाइल झालेलं. ग्रेडल या बिल्ड टूलनं नेहमीप्रमाणे दोन्हींतली नवी उचलली. मॉड्यूल बिचारं दोन पॅरामीटरवालं फंक्शन शोधत बसलं. डिफॉल्ट व्हॅल्यू हा कोटलिनच्या घरचा मामला, कंपाइल झालेला कोड चालवणाऱ्या जेव्हीएमला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी जुनं फंक्शन गेलं ते गेलंच.

त्याच संध्याकाळी व्हॅलिडेटर बसवला: आधी कंपाइल झालेला कोड मोडतील असे बदल पकडायचं ग्रेडल प्लगइन. सेटअपबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, दहा मिनिटांचं काम. एपीआय डम्प चालवून आलेली फाइल, म्हणजे लायब्ररीत बाहेरून वापरता येणाऱ्या सगळ्याची यादी, गिटमध्ये टाकायची, एपीआय चेक बिल्डला आपोआप जोडलं जातं, फाइल आणि कोड जुळले नाहीत की बिल्ड लाल. फुकट आहे, वेळही खात नाही.

पहिला डम्प मात्र लाजिरवाणा निघाला. साडेअकराशे ओळी! कोटलिनमध्ये काही लिहिलं नाही की ते पब्लिक, आणि आम्ही वर्षानुवर्षं काहीच लिहिलं नव्हतं. तारखा वाचायचा एक फुटकळ हेल्पर, लॉगिंगसाठी तात्पुरता केलेला क्लास, सगळं जगाला खुलं. पब्लिक की नाही ते लिहायलाच लावणारा एक्सप्लिसिट एपीआय मोड कोटलिन 1.4 पासून, म्हणजे 2020 पासून उपलब्ध आहे. आम्हाला तो चालू करायची बुद्धी आत्ता झाली.

पहिले दोन महिने मी या टूलवर वैतागलेलो होतो. नवं फंक्शन जोडलं, कुणाचं काही मोडलं नाही, तरी बिल्ड लाल. भर कुठली आणि मोडतोड कुठली हे याला कळतच नाही. रस्ट भाषावाल्यांचं कार्गो सेमव्हर चेक्स मागच्या रिलीजशी तुलना करून सांगतं की या बदलाला मेजर, म्हणजे जुनं मोडणारी, आवृत्ती लागेल. इथं फक्त ‘फाइल बदलली’ एवढाच निरोप. परिणाम व्हायचा तोच झाला: लाल दिसलं की लोक न बघता डम्प मारून कमिट करायला लागले. ‘एक तारा, काढून टाकतो’ असं मी टीमला सांगूनही टाकलं होतं.

ते शब्द मागे घेतो. चौथ्या महिन्यात एका सहकाऱ्यानं डेटा क्लासमध्ये (माहिती ठेवणारा क्लास, त्याचं कॉपी वगैरे कोटलिन स्वतःच बनवतं) एक फील्ड वाढवलं. कोडमधला बदल एका ओळीचा, कुणीही डोळे झाकून मंजूर केला असता. पण डम्पच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतल्या फरकात, तीन ओळी वजा झालेल्या: कन्स्ट्रक्टर, कॉपी आणि कॉपी-डॉलर-डिफॉल्ट. माझ्या चुकीचीच ही थोरली बहीण. जुना कन्स्ट्रक्टर आणि जुनं कॉपी डेप्रिकेटेड करून लेव्हल हिडन लावली. नवा कोड लिहिणाऱ्याला ती दिसत नाहीत, आधी कंपाइल झालेल्याला बरोबर सापडतात. तेव्हापासून नियम एकच: डम्पमध्ये ओळ वजा झाली किंवा बदलली तर दोघांची मंजुरी, नुसती अधिक झाली तर एकाची. टूलला फरक कळत नाही, पण आपल्याला कळेल असा डिफ ते समोर ठेवतं.

आता माझं खरं दुखणं. हे टूल पॅरामीटरची नावं लिहीत नाही!

सहाव्या महिन्यात मी ‘टाइमआउट’ या पॅरामीटरचं नाव ‘टाइमआउट मिलिस’ केलं, कारण लोक सेकंद देत होते. चेक हिरवं. खुशाल रिलीज. दुसऱ्या दिवशी नेम्ड आर्ग्युमेंट वापरणाऱ्या, म्हणजे पॅरामीटरचं नाव लिहून किंमत देणाऱ्या, प्रत्येक टीमचा बिल्ड आडवा. डम्पमध्ये त्या फंक्शनपुढे नुसते प्रकार असतात: स्ट्रिंग, मग इंटसाठी आय, बूलियनसाठी झेड, शेवटी काही परत देत नाही म्हणून व्ही. नावाला तिथं जागाच नाही. स्ट्रिंगची नलेबल (नल म्हणजे रिकामीही चालेल अशी) स्ट्रिंग केली तरी ओळ तीच. स्ट्रिंगच्या यादीची आकड्यांची यादी केली तरी ओळ तीच. इंट नलेबल केला तर मात्र पकडतं, कारण आयचा इंटिजर होतो.

मान्य, नावातच ‘बायनरी’ आहे, सोर्सची, म्हणजे लिहिलेला कोड पुन्हा कंपाइल होईल याची, हमी कुणी दिली नव्हती. पण इंटरनल (फक्त मॉड्यूलपुरती) फंक्शनं बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये, पब्लिकच दिसतात, आणि ती वगळायला हे टूल त्या कोडसोबत ठेवलेला कोटलिनचा मेटाडेटा वाचतं. पॅरामीटरची नावं त्याच मेटाडेटात आहेत. ताटात वाढलेलं आहे, फक्त उचलायचं आहे! मल्टिप्लॅटफॉर्म मॉड्यूलच्या केलिब डम्पमध्ये (जेव्हीएमबाहेरच्या कोडची यादी) निदान नलेबलचं प्रश्नचिन्ह तरी दिसतं. नावं तिथंही नाहीत. महिनाभर मी भेटेल त्याला हेच ऐकवत होतो.

शेवटी घरगुती इलाज केला. एक नमुना मॉड्यूल, त्यात आमचं प्रत्येक पब्लिक फंक्शन सगळी नावं लिहून एकदा बोलावलेलं, परत येणारी किंमत प्रकार लिहिलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली. तो कधीच चालवत नाही, फक्त कंपाइल होतो. नाव बदललं की तिथंच अडतं. खर्च शून्य, कंटाळा भरपूर.

2025 मध्ये कोटलिन 2.2 सोबत ही तपासणी थेट कोटलिनच्या ग्रेडल प्लगइनमध्ये आली, प्रायोगिक म्हणून. तेव्हा टास्कचं नाव होतं ‘चेक लेगसी एबीआय’ (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडचा बाहेरचा चेहरा). जन्मतःच लेगसी, म्हणजे जुनाट. एका मॉड्यूलवर चालवून पाहिलं, जेव्हीएमच्या डम्पमध्ये माझं दुखणं जागच्या जागी. जुनं प्लगइन नीट चालतंय तोवर हलवणार नाही.

चार तारे. नावं लिहायला लागले की पाचवा देईन.

मागच्या आठवड्यात टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं पुल रिक्वेस्ट टाकली: ‘हा नमुना मॉड्यूल कुठेच वापरात नाही, काढून टाकला.’ एपीआय चेक अर्थातच हिरवं होतं.