लाकूडवाल्यांच्या संघटनेची मेंबरशिप: लॉबिंग दमदार, पण नक्की कुणासाठी? (३.५ स्टार)

मी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एका छोट्या लॉगिंग (झाडं तोडून देणाऱ्या) कॉन्ट्रॅक्टरचे हिशोब बघते, आणि आमची कंपनी इथल्या लाकूडधंद्याच्या एका संघटनेची मेंबर आहे. नाव मुद्दाम टाकत नाहीये. विमा, सेफ्टी ट्रेनिंग वगैरे ठीकठाक आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मला बोलायचंय ते राज्याच्या राजधानीत, सालेमला, विधिमंडळात हे लोक आपल्या वतीने जे लॉबिंग, म्हणजे कायदे आपल्या बाजूने वळवायची खटपट, करतात त्याबद्दल, कारण मेंबरशिप घेताना सगळ्यात जास्त गाजावाजा त्याचाच असतो.

आधी चांगलं सांगते. इथलं अधिवेशन विषम वर्षी १६० दिवस आणि सम वर्षी जेमतेम ३५ दिवस, त्यात बिलांचा नुसता पाऊस, पगारपत्रकं करता करता ते कोण वाचणार? हे लोक वाचतात आणि आपल्या कामाचं तेवढं काढून देतात. २०१९ ला तो कॉर्पोरेट अॅक्टिव्हिटी टॅक्स आला ना, नफ्यावर नाही तर उलाढालीवर, १० लाख डॉलरच्या वरच्या रकमेला ०.५७ टक्के, म्हणजे वर्ष तोट्यात गेलं तरी भरा. त्यात मालाचा खर्च किंवा मजुरी यातलं जे जास्त असेल त्याच्या ३५ टक्के वजावट मिळते, हे त्यांनी इतकं सुटसुटीत सांगितलं की मान गये. पेड लीव्ह, म्हणजे राज्याच्या भरपगारी रजेच्या योजनेचंही तसंच, २५ पेक्षा कमी माणसं असतील तर मालकाचा हिस्सा भरावा लागत नाही, हे एका ओळीत.

पर्यावरणाचं बिल आलं की मात्र त्यांचा सूरच बदलतो. २०१९ ला कार्बन प्रदूषणावर मर्यादा घालणारं बिल आलं (त्याचा नंबर एचबी २०२०, साल नव्हे), तेव्हा ईमेल अशा यायच्या की जणू उद्याच सगळ्या लाकडाच्या गिरण्या बंद. लाकडाचे ट्रक सालेमला धडकले, रिपब्लिकन सिनेटर सभागृह सोडून निघून गेले, मतदानाला गणसंख्याच उरेना, बिल बारगळलं. २०२० साली परत तेच. आणि त्याच मार्चमध्ये तेव्हाच्या गव्हर्नर केट ब्राउननी आदेश काढून हवामानाचं काम थेट सरकारी खात्यांकडे दिलं! विधिमंडळात निदान घासाघीस तरी करता आली असती, खात्याच्या नियमांत आपलं कोण ऐकतंय. पुढे ते नियम २०२३ मध्ये कोर्टाने रद्द केले आणि २०२४ मध्ये खात्याने पुन्हा आणले, म्हणजे एवढा आरडाओरडा करून पदरात काय पडलं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

याच काळात खरं काम वेगळीकडेच चाललं होतं. लाकूड कंपन्या आणि पर्यावरणवाले, दोघंही एकमेकांविरुद्ध याचिका (कायद्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे न्यायच्या) घेऊन तयार होते, ते फेब्रुवारी २०२० मध्ये टेबलावर बसले आणि ऑक्टोबर २०२१ ला प्रायव्हेट फॉरेस्ट अॅकॉर्ड, म्हणजे खासगी जंगलांबद्दलचा समझोता, झाला, २०२२ ला त्याचा कायदा. ओढ्याकाठी जास्त झाडं सोडायची, तीव्र उतारावर हात आखडता घ्यायचा, जंगलातले रस्ते दुरुस्त करायचे, आणि बदल्यात सॅमन मासे वगैरे संरक्षित प्राण्यांच्या केंद्रीय कायद्यापासून बरीच वर्षं शांतता मिळवायचा मार्ग. पश्चिम ओरेगनात मासे असलेल्या मोठ्या-मध्यम ओढ्यांच्या काठाने ११० फुटांचा पट्टा सोडायचा. ५,००० एकरांपेक्षा कमी जमीन आणि कमी तोड असलेल्या छोट्या मालकांना सौम्य नियमाचा पर्याय, आणि झाडं जास्त सोडली तर टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात सूट. याला म्हणतात लॉबिंग, यासाठी मी फी आनंदाने भरेन.

पण बघा, टॅक्स क्रेडिट जमीनमालकाला. ओढ्याकाठची झाडं उभी राहिली की आमचं काम कमी होतं, कारण आम्हाला पैसे मिळतात हजार बोर्डफुटांच्या (लाकूड मोजायचं माप) हिशोबाने, आणि उतारावर ओंडके ओढायला केबल लावायची तर तिची मांडणीही जास्त किचकट. आमच्यासाठी त्यात काय होतं? संघटनेच्या पत्रकात सगळेच 'आपण'. अहो, गिरणीवाल्याला लाकूड स्वस्त हवं, जमीनवाल्याला महाग, आणि आम्हाला तोडीचा अन् वाहतुकीचा दर वाढवून हवा, तिघांचा 'आपण' एक कसा होणार? कार्बनसारखा बाहेरचा शत्रू असला की हे झाकलं जातं, म्हणूनच बहुतेक त्यांना तो सूर आवडतो.

आणखी एक, साक्षीची, म्हणजे बिलावर कमिटीला आपलं म्हणणं कळवायची, तयार पत्रं. नाव घाला आणि पाठवा. विधिमंडळाच्या साइटवर सगळ्या लेखी साक्षी कुणालाही वाचता येतात, तिथे एकाखाली एक तेच वाक्य, तोच स्वल्पविराम, कमिटीवाले काय झोपलेत का! मी आता आमचे डिझेलचे आणि फेऱ्यांचे आकडे घालून स्वतः लिहिते. ऑनलाइन बोलताही येतं, दोन-तीन मिनिटं मिळतात, पुरतात.

निवडणूक निधीसाठी वेगळं पाकीट येतं ते मी बाजूला ठेवते, ते ऐच्छिक आहे, घाबरू नका. मूळ मेंबरशिप या वर्षीही रिन्यू करतोय. पण आमच्या कंपनीच्या मालकांनी या वेळी फॉर्मसोबत विचारलंय की संघटनेच्या बोर्डावर कॉन्ट्रॅक्टर किती आणि जमीनवाले किती. उत्तर आलं की स्टार बदलेन.