टॉम फिनीची रेट्रो जर्सी: कापड एक नंबर, नंबर ढिला

प्रेस्टन नॉर्थ एन्ड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची १९५० च्या दशकातली जर्सी म्हणून एका ऑनलाइन रेट्रोवाल्याकडून मागवली, ४० पाउंड, कुरिअर आणि कस्टम वेगळं. पांढरी, फुल बाह्या, कॉलर, पाठीवर निळा ७. कापड खरंच जाड सुती आहे, हल्लीच्या पॉलिस्टरसारखं अंगाला चिकटत नाही, कॉलरला दुहेरी शिलाई, मनगटाला घट्ट पट्टी. मे महिन्यात घालायचं नाव काढू नका, घामाने भिजली की नुसतं ओझं.

महाग वाटते? मला पण वाटली, पण ज्याच्या नावावर विकतात त्या क्लबच्या जुन्या खेळाडूचा, टॉम फिनीचा हिशोब बघा. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, फिनी १९६० ला रिटायर झाला तोवर ती आठवड्याला २० पाउंडच्या वर गेलीच नाही. म्हणजे इंग्लंडकडून ७६ मॅच, ३० गोल, दोनदा फुटबॉलर ऑफ द इयर, आणि दोन आठवडे राबल्यावर ही एक जर्सी (महागाई धरायला हवी, माहितीये, तरी पण). आधी प्लंबिंग शीक मग काय खेळायचं ते खेळ असं वडिलांनी बजावलेलं, ते याने ऐकलं आणि खेळत असताना भावाबरोबर प्लंबिंगचा धंदाही चालवला, म्हणून 'प्रेस्टन प्लंबर'. १९५२ ला इटलीचा पालेर्मो क्लब १० हजार पाउंड हातात, महिना १३० पाउंड, वर बंगला आणि गाडी द्यायला तयार होता, प्रेस्टनने सरळ नाही म्हटलं आणि क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला हलताच येत नव्हतं तेव्हा. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवाल्याने पेठेचा संघ बदलला तर लोक वर्षभर टोमणे मारतात, पण निदान बदलता तरी येतो!

सोबत एक छापील कार्ड येतं, लीगमधले १८७ गोल, १९५४ ची एफए कप फायनल २-३ ने हरले, १९९८ ला सर ही पदवी, सगळं आहे. त्याच्या बायकोचं, एल्सीचं नाव कुठेच नाही, हे खटकलं. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये रणगाड्यावर होता हा माणूस, १९४५ ला तिच्याशी लग्न केलं, एक मुलगा एक मुलगी, आणि म्हातारपणी तिला अल्झायमर झाला तेव्हा घरी तिची सेवा यानेच केली, २००४ ला ती गेली तोपर्यंत. चार ओळींची जागा होती की राव कार्डावर, तिथे त्यांनी स्वतःच्या सेलची जाहिरात छापलीये.

आता तक्रार. ७ चा वरचा कोपरा पहिल्याच धुण्यात उसवला. मेल केला तर 'हाताने धुवायची असते' असं उत्तर, मग लेबलवर लिहा ना तसं! गल्लीतल्या टेलरने पाच मिनिटांत शिवून दिला, मूळच्या टाक्यापेक्षा बारीक.

साडेतीन स्टार. घेणार असाल तर एक साइज मोठी घ्या, धुतल्यावर बाह्या आटतात.