रात्रपाळीसाठी टॉर्च: स्ट्रीमलाइट प्रोटॅक एचएल-एक्स

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. मागच्या दाराने बाहेर पडल्यावर पार्किंगपर्यंत जो पट्टा आहे, तिथले दिवे कधी असतात, कधी नसतात. जनरेटरच्या खोलीमागे कुत्र्यांची टोळी असते आणि अधूनमधून एखादा माणूस उगाच उभा असतो. असेलही बिचारा उगाच उभा, पण तो कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे मला लांबूनच कळायला हवं. त्यासाठी टॉर्च हवा होता. मोबाइलचा दिवा या कामाचा नाही. तो पायापुढचं दाखवतो, लावायला स्क्रीनवर बोट फिरवत बसावं लागतं आणि हातातून निसटला की उजेडही गेला आणि मदतीला बोलावायचा फोनही गेला.

बरेच टॉर्च हाताळून झाल्यावर आता माझ्या हातात स्ट्रीमलाइटचा प्रोटॅक एचएल-एक्स असतो. तो चांगला आहे हे आधीच सांगून टाकते. पण त्याच्यापेक्षा त्याच्यापर्यंत पोचताना काय बघायचं आणि काय बघायचं नाही ते जास्त कामाचं आहे, कारण ‘स्वसंरक्षणाचा टॉर्च’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं बडा घर पोकळ वासा आहे.

आधीचा टॉर्च त्यातलाच. कंपनीचं नाव देण्यात अर्थ नाही, तोच माल असंख्य नावांनी मिळतो. पुढची काच ओढली की झूम, तोंडाला अणकुचीदार दात, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘टॅक्टिकल’. आत तीन बारके सेल प्लास्टिकच्या पिंजऱ्यात, त्यामुळे चालताना खुळखुळायचा. बटणाचा क्रम असा: प्रखर, मंद, लुकलुक, मग एसओएस, आणि शेवटचा मोड त्याच्या लक्षात राहायचा की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक. एका रात्री कुत्रा गुरगुरत अंगावर आला तेव्हा मी बटण दाबलं आणि टॉर्च इमानेइतबारे बुडत्या जहाजाचा संदेश पाठवायला लागला. तीन छोट्या उघडझापी, तीन मोठ्या, पुन्हा तीन छोट्या. सुरक्षारक्षक काकांनी काठी आपटली म्हणून कुत्रा मागे फिरला.

त्या रात्रीनंतर माझी पहिली अट ठरली: बटण शेपटाला हवं, आणि दाबलं की पहिल्यांदा पूर्ण उजेडच पडायला हवा. मूठ वळली की अंगठा आपोआप जिथे जातो ती जागा म्हणजे टॉर्चचं शेपूट. बाजूला बटण असलेला टॉर्च घरात छान वाटतो, पण अंधारात, घामेजल्या हाताने, तो कुठल्या बाजूला फिरलाय हे चाचपण्यात वेळ जातो. शेपटाच्या बटणातही दोन प्रकार आहेत आणि दुकानदार सहसा हे सांगत नाहीत. एकात अर्धवट दाबलं की दिवा लागतो, सोडलं की विझतो, आणि खट् आवाज येईपर्यंत दाबलं की लागलेलाच राहतो. दुसऱ्यात आधी खट् करून सोडल्याशिवाय दिवा लागतच नाही. पहिलाच घ्यावा. कोपऱ्यावर क्षणभर उजेड टाकायचा, बघायचं, बंद करून दोन पावलं बाजूला व्हायचं, हे त्याच्यानेच जमतं. एचएल-एक्स याच जातीचा आहे. बटण रबराचं, किंचित वर आलेलं, हातमोज्यातूनही कळतं.

आता आकड्यांबद्दल. खोक्यावर लाखभर ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेला, मुठीत मावणारा टॉर्च दिसला तर तो तिथेच ठेवून द्यावा. तेवढा उजेड देताना जी उष्णता निघेल ती त्या एवढ्याशा धातूतून जाणारच नाही. सेलवरही अशीच थाप असते. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल. यातल्या चांगल्यातल्या चांगल्यांची साठवण ३,५०० एमएएचच्या आसपास असते. त्यावर ९,९०० छापलेलं असेल तर सेल खोटा आहे, आणि बहुधा टॉर्चही त्याच घरचा.

खरे आकडे ओळखायची खूण म्हणजे एफएल-१ हे चाचणीचं प्रमाण. अमेरिकेत ते २००९ मध्ये आलं आणि बऱ्या कंपन्या त्याच्या चौकोनी खुणा खोक्यावर छापतात. त्यात उजेड किती, किती लांब जातो, किती वेळ टिकतो, पाण्याला आणि पडण्याला किती दाद देतो हे सगळं ठरलेल्या पद्धतीने मोजलेलं असतं. दोन गोष्टी मात्र समजून घ्याव्यात. ‘किती वेळ’ म्हणजे उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, पूर्ण उजेडाचा नव्हे. ‘किती लांब’ म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो तिथवर. त्यामुळे ३३० मीटर लिहिलेल्या टॉर्चने ३३० मीटरवरचा चेहरा ओळखता येईल अशी आशा करू नये.

अंगावर येणाऱ्याचे डोळे दिपवायचे असतील तर ल्युमेनपेक्षा कँडेलाचा आकडा बघावा. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण उजेड. त्याचा झोत मधोमध किती तीव्र आहे ते कँडेला सांगतं. एचएल-एक्सचे १,००० ल्युमेन आणि २७,१०० कँडेला. वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमध्ये पल्ला निघतो: २७,१०० चं वर्गमूळ १६५च्या जवळपास, दुप्पट ३३०. म्हणजे छापलेले आकडे आपसात जुळतात. मी हा हिशेब प्रत्येक टॉर्चच्या खोक्यावर करून बघते आणि जिथे जुळत नाही तिथे पुढचं काही वाचत नाही. कँडेलाच्या आकड्याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की तिथला लक्स निघतो, त्या हिशेबाने पाच मीटरवर १,००० लक्सच्या वर प्रकाश पडतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत तेवढा गेला की माणूस हात आडवा धरतो आणि तोंड फिरवतो. डोळे अंधाराला पुन्हा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पण आपल्याला तेवढं नकोच. पहिली काही सेकंदं मिळाली की दार गाठता येतं.

काकांचं मत वेगळं. ते निवृत्त फौजी, त्यांच्याकडे तीन मोठ्या सेलचा मॅगलाइट. “मॅडम, तुमचा तो लिपस्टिकसारखा टॉर्च काय कामाचा? हा बघा, एक दिला की आडवा!” त्यांचं पूर्ण चूक नाही. १९७९ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेला हा टॉर्च म्हणजे अॅल्युमिनियमची जाड नळी, लांबी फूटभर, सेल भरल्यावर वजन पाऊण किलोच्या वर. बरीच वर्षं पोलीस तो काठीला पर्याय म्हणून वापरत, आणि त्यातच घोळ झाला. २००४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका पोलिसाने पकडलेल्या माणसाला असल्या धातूच्या टॉर्चने बडवलं, हेलिकॉप्टरमधून त्याचं चित्रण झालं आणि गदारोळानंतर त्या खात्याने मुद्दाम छोटे, हलके टॉर्च करून घेतले. जे वजन जरब बसवतं तेच डोकं फोडतं, आणि मग आपण स्वतःला वाचवत होतो हे सिद्ध करत बसावं लागतं.

माझी अडचण याहून साधी आहे. माझ्यासाठी तो नाकापेक्षा मोती जड. पर्समध्ये टाकला की खांदा दुखतो, म्हणून तो लॉकरमध्ये राहतो, आणि लॉकरमधला टॉर्च पार्किंगमध्ये उपयोगाचा नाही. शिवाय फूटभर नळी फिरवायला जागा लागते आणि समोरच्याने ती पकडली तर खेचायला त्याला छान लांब दांडा मिळतो. घराच्या दाराशी किंवा गाडीत ठेवायला मात्र काकांचा टॉर्च उत्तम आहे, हे त्यांना सांगून टाकलं. ते खूश झाले.

एचएल-एक्स सुमारे १४ सेंटिमीटर लांब, सेलसकट पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. मुठीत धरला की अंगठ्याच्या बाजूने शेपूट आणि करंगळीच्या बाजूने डोकं जेमतेम बाहेर येतं. अंगावर बारीक खाचा कोरलेल्या आहेत, हात ओला असला तरी सटकत नाही, पण पर्सच्या अस्तराला त्या थोड्या घासतात. डोक्याची कड गोल गुळगुळीत नाही, त्यामुळे टेबलावरून घरंगळत नाही. लॅबमध्ये हा गुण फार मोलाचा. कंपनी दोन मीटरवरून पडण्याची आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहण्याची हमी देते. माझ्याकडून तो जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत गेलाय. कडेचा काळा रंग उडून आतली चंदेरी दिसायला लागली, बाकी काही नाही.

आता दात आणि लुकलुक. ही दोन्ही बाजारवाल्यांची लाडकी लेकरं. तोंडाला दात असले की हत्यार झालं असं ग्राहकाला वाटतं, आणि तपासणी करणाऱ्या सुरक्षा कर्मचाऱ्यालाही नेमकं तेच वाटतं. विमानतळावर, कोर्टात, कुठल्याही कडक गेटवर साधा टॉर्च ‘टॉर्च’ म्हणून आत जातो आणि दातवाला बाजूला काढला जातो. पर्समध्ये हात घातला की आधी आपलीच बोटं खरचटतात ते निराळंच. लुकलुकीने म्हणे समोरचा गोंधळतो. गोंधळत असेल, पण अंधारात ती लावल्यावर मलाही समोरच्याचे हात नीट दिसत नाहीत. सिनेमातून गाळलेल्या चित्रांसारखा तो तुटक तुटक पुढे येतो. लुकलुकीने फिट येणारी माणसंही असतात, आणि मी हॉस्पिटलच्या आवारात फिरते.

एचएल-एक्सचं मला सगळ्यात आवडलेलं हेच, की यातली लुकलुक काढून टाकता येते. कारखान्यातून येताना एकदा दाबलं की प्रखर, पटकन दोनदा दाबलं की लुकलुक, तीनदा दाबलं की मंद अशी सोय असते. बटण भराभर नऊ वेळा दाबायचं आणि दहाव्यांदा दाबून धरायचं, म्हणजे दुसरी व्यवस्था लागते. अशा व्यवस्थांपैकी एकीत फक्त प्रखर उजेड आहे, बाकी काही नाही. मी तीच ठेवलीय. घाबरलेला अंगठा एकदाच दाबेल याची खात्री कोण देणार?

प्रखर उजेडाचा एक तोटा कुणी सांगत नाही, तो सांगते. पांढऱ्या भिंतीजवळ किंवा काचेच्या दारासमोर हा झोत टाकला की तो उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि मग आपणच आंधळे. आमच्या मागच्या दाराला काच आहे, म्हणून मी आधी दार उघडते, मग अंगठा दाबते. धुक्यातही तेच होतं. तिथे टॉर्च डोळ्यांपासून लांब, कमरेच्या बाजूला धरला तर बरं दिसतं.

सेलची बाब नीट वाचा, कारण इथे खरा धोका आहे. या टॉर्चमध्ये सीआर१२३ए प्रकारचे दोन लिथियम सेल चालतात किंवा १८६५० चा एक चार्ज होणारा. सीआर१२३ए फेकायचे सेल, पण पडून राहिले तरी दहा वर्षं टिकतात, त्यामुळे क्वचित वापरणाऱ्याला तेच बरे. त्यातला एक जुना आणि एक नवा असं कधीही घालू नये. नवा सेल जुन्याला उलटा रेटतो, तो तापतो आणि फुटूही शकतो. बंद धातूच्या नळीत, आपल्या मुठीत. मी रोज वापरते म्हणून माझ्याकडे कंपनीचाच १८६५० आहे. त्या सेललाच यूएसबीचं भोक आहे, फोनच्या वायरीवर चार्ज होतो. टॉर्चच्या अंगात मात्र चार्जिंगची सोय नाही, सेल काढावाच लागतो. ज्यांना रोज केबल खुपसून मोकळं व्हायचंय त्यांच्यासाठी यूएसबीवाली वेगळी आवृत्ती आहे. विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानात न्यायचे, चेक-इनच्या बॅगेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पर्समध्ये आपोआप लागून जाऊ नये म्हणून शेपटाचं झाकण किंचित सैल करून ठेवायची युक्ती आहे. दिवसा मी तसं करते आणि रात्रपाळी संपताना घट्ट करते. आटे कोरडे वाटले की रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं.

आणि मारायचं काय? आमच्याकडे स्वसंरक्षण शिकवायला आलेल्या बाईंनी मुठीच्या बाहेर आलेल्या टोकाने हातोडीसारखा फटका कसा द्यायचा ते दाखवलं होतं, आणि लगेच म्हणाल्या, “हे शेवटी. आधी उजेड, मग आवाज, मग पाय.” मला ते पटलं. फटका द्यायला माणूस हाताच्या अंतरावर यावा लागतो, आणि टॉर्च घ्यायचा तो त्याने तिथवर येऊ नये म्हणून. मी डोळ्यांवर झोत टाकून “थांबा तिथेच!” म्हणायचा सराव घरातल्यांवर केला. नवऱ्याने एका रात्रीनंतर नकार दिला.

वाचायला, फ्यूज बदलायला, पलंगाखाली काही शोधायला टॉर्च हवा असेल तर मात्र हा घेऊ नका. झोताचा मधला ठिपका जवळच्या कामाला फार टोचतो, आणि माझ्यासारखी व्यवस्था लावलीत तर मंद उजेड मिळणारच नाही. नमुन्यांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचायला मी कोटाच्या खिशात साधा पेनटॉर्च ठेवते.