फिरकी स्क्रीनची घ्यावी की माउसची?

एक एप्रिल जवळ आला की ऑफिसातलं कोणी ना कोणी हळूच टेबलापाशी येतं. "अमक्याची फिरकी घ्यायचीय, काहीतरी सुचव ना. पण तो चिडायला नको हां." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड. फिरकी घ्यायची कशी हे हल्ली शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, ती थांबणार कुठे याचा विचार मात्र फारसं कोणी करत नाही. मीही करत नव्हतो. गेल्या काही वर्षांत मी घरीदारी तीन प्रकार वापरून पाहिले: खोटा अपडेट, डेस्कटॉपच्याच फोटोचा वॉलपेपर आणि माउसच्या पोटाला चिकटवलेला कागद. तिन्हींची ख्याती निरुपद्रवी म्हणूनच आहे. माझा अनुभव जरा वेगळा आहे, तो सांगतो. निवड तुमची.

खोट्या अपडेटला तयारी जवळजवळ शून्य. समोरचा चहाला उठला, ब्राउझरमध्ये अपडेट चालू असल्याचा देखावा करणारं एखादं पान उघडलं, एफ-११ दाबलं, झालं. टक्के सरकत राहतात आणि कुठेच पोचत नाहीत. पहिली दोन मिनिटं मजा येते. मग कंटाळा बघणाऱ्यांनाच येतो, कारण खरा अपडेट सुरू झाल्यावर माणूस जे करतो तेच तो आताही करतो: खुर्ची मागे ढकलतो आणि उठून जातो. आमच्याकडे एकाने या खोट्या अपडेटच्या जिवावर पाऊण तास कँटीनमध्ये काढला. फिरकी नक्की कोणाची झाली, यावर अजून एकमत नाही.

त्याचा थोरला भाऊ म्हणजे निळा स्क्रीन, विंडोज कोलमडल्यावर दिसतो तो. मार्क रसिनोविच यांनी 'ब्लूस्क्रीन' नावाचा एक स्क्रीनसेव्हर लिहिला होता. त्यांची सिसइंटर्नल्स ही विंडोजच्या अवजारांची साइट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली आणि हा स्क्रीनसेव्हर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळू लागला. खरा निळा स्क्रीन ज्यांचा, खोटाही त्यांचाच! कारागिरी विचाराल तर हा सगळ्यांत सरस, मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतंय असा देखावासुद्धा करतो. पण १९ जुलै २०२४ नंतर तो लावायला माझा हात धजत नाही. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे त्या दिवशी जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स आडवी झाली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तो दिवस ज्याने सपोर्टच्या खुर्चीत बसून काढलाय, त्याला निळा रंग दाखवून हसवायला जाऊ नये. शिवाय २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा स्क्रीन काळा होऊ लागलाय. नव्या लॅपटॉपवर निळा दिसला की चाणाक्ष माणूस तिथेच ओळखतो.

या दोन्हींत एक भीती असते. काही माणसं वाट बघत नाहीत, सरळ पॉवरचं बटण दाबून धरतात, आणि मागे उघडी असलेली फाइल सेव्ह केलेली नसते. अकाउंट्सच्या मॅडमचं बोट एकदा असंच बटणावर टेकलं होतं. "मॅडम, थांबा थांबा!" करत मी धावलो. मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवशी मी थोडक्यात वाचलो.

वॉलपेपरवाली खोडी मात्र मला मनापासून आवडायची. अजूनही थोडी आवडते. सगळ्या विंडो खाली करायच्या, प्रिंट स्क्रीन मारायचा, तोच फोटो वॉलपेपर म्हणून लावायचा, खरे आयकॉन लपवायचे आणि टास्कबारला आपोआप लपायला सांगायचं. दिसायला सगळं जागच्या जागी, पण कितीही क्लिक करा, काही उघडत नाही. पकडली जाते ती बहुधा घड्याळामुळे, कारण फोटोतल्या टास्कबारवर दिवसभर सव्वादहाच वाजलेले असतात. हौशी लोक याच्या पुढे जातात. फोटो उलटा करून लावतात आणि मग सेटिंग्जमधून अख्खा डिस्प्लेच उलटा करतात. चित्र सुलट दिसतं, बाण मात्र वर न्यावा तर खाली जातो. बदल ठेवायचा का, हे विंडोज पंधरा सेकंद विचारतं, तेवढ्यात हो म्हणावं लागतं. करताना हात जरा थरथरतात, आणि खरी मजा त्यातच आहे.

तर दोन वर्षांपूर्वी गणपतीत साताऱ्याला घरी गेलो असताना मी हा प्रयोग अप्पांच्या कंप्युटरवर केला. अप्पा पेन्शनर. कंप्युटर लागतो तो पत्त्यांच्या डावाला, पेन्शनच्या हिशेबाच्या एक्सेलला आणि ताईच्या पोरांचे फोटो बघायला. सकाळी सगळं लावून ठेवलं, म्हटलं जेवणं झाली की सांगू. जेवणात मोदक, मोदकांनंतर झोप, झोपेतून उठेपर्यंत एसटीची वेळ. आठवलं तेव्हा गाडी खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला आली होती. फोन लावला तर अप्पांचा फोन लागेना. ते कोणाशी बोलत होते, ते रात्री कळलं.

"अरे, तो कंप्युटरवाला मुलगा येऊन गेला. व्हायरस होता म्हणाला. साडेतीनशे घेतले, पण झालं बाबा चालू."

साडेतीनशेंचं एक वेळ सोडा. त्या मुलावरही माझा राग नाही. त्याने आयकॉन परत आणले, कामाचे पैसे घेतले, आणि 'तुमच्या मुलाने केलंय' यापेक्षा 'व्हायरस होता' हे निदान एका परीने सभ्यपणाचंच होतं. पण जाताना त्याने मी लावलेला डेस्कटॉपचा फोटो हटवून विंडोजचा साधा निळा वॉलपेपर लावला. माझ्या खोडीआधी तिथे आईचा वारीतला फोटो होता, दिवे घाटातला. तो मीच कधीतरी पेन ड्राइव्हवरून लावून दिला होता आणि तो पेन ड्राइव्ह आता कुठे आहे ते माउलीलाच ठाऊक. विंडोज लावलेल्या वॉलपेपरची आपली एक प्रत ठेवतं खरं, पण नवा लावला की जुन्या प्रतीच्या जागी नवी बसते. शेवटी ताईच्या व्हॉट्सअॅपवर एक धुरकट प्रत मिळाली. आता तीच आहे. अप्पा म्हणतात, ठीक आहे. आई म्हणते, घाटात धुकंच होतं.

माझी निवड इथे ठरली. एरवी या खोडीत नाव ठेवायला जागा नाही, आणि तुमचा माणूस शेजारच्याच खोलीत असेल तर मी आजही तिला नको म्हणणार नाही. पण स्क्रीनवरच्या सगळ्या खोड्यांची एक मेख आहे: त्या आपणहून संपत नाहीत. त्या हुबेहूब बिघाडासारख्या दिसतात, आणि बिघाड झाला की माणूस तुमच्याकडे येईलच असं नाही. घरी असेल तर तो दुरुस्तीवाल्याला फोन लावतो, ऑफिसात असेल तर आयटीकडे तक्रारीचं तिकीट टाकतो. मग जो या गमतीत कधीच नव्हता, असा तिसराच माणूस तिच्यात अडकतो. आणि तुम्ही? तुम्ही मीटिंगमध्ये असता, किंवा शिरवळला.

ऑटोकरेक्टची खोडी मी स्वतः केली नाही, पण शेजारच्या टीममध्ये झालेली पाहिलीय, आणि तिचं दुखणंही हेच, फक्त जास्त लांबलेलं. कोणीतरी एकाच्या वर्डमध्ये 'रिगार्ड्स'च्या जागी 'चहा पाजा' बसवलं. वर्डमध्ये घातलेला शब्द एक्सेल आणि बाकी ऑफिसमध्येही उमटतो, कारण यादी एकच असते. हे खोडी करणाऱ्याच्या गावी नव्हतं. दीड महिन्यानंतर चहाची ती मागणी ग्राहकाच्या कोटेशनखाली गेली. ग्राहक पुण्याचाच होता, 'या कधीही' असं उत्तर आलं म्हणून निभावलं. असे प्रसंग मोठ्यांच्या घरीही घडतात. २०१६ च्या एक एप्रिलला गूगलने जीमेलमध्ये पाठवण्याच्या बटणाशेजारी 'माइक ड्रॉप'चं बटण ठेवलं होतं. ते दाबलं की मेलसोबत मिनियन या कार्टून पात्राचं हलतं चित्र जायचं आणि त्यावर आलेली उत्तरं पाठवणाऱ्याला दिसायचीच नाहीत. लोकांनी कामाच्या मेलमध्ये चुकून ते दाबलं, आरडाओरडा झाला आणि काही तासांतच गूगलला ते काढून घ्यावं लागलं.

आता कागद. चिकट चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक घ्यायची, गोंदाची पट्टी येईल असा बोटभर तुकडा कापायचा आणि माउसच्या पोटावरच्या सेन्सरवर लावायचा. संपलं. सेलोटेप नको. पारदर्शक टेपमधून काही माउस खुशाल चालतात, आणि तिचा चिकटा काचेवर राहिला तर तो पुसायचं कामही तुमच्याच गळ्यात. कागद जाडही नको, माउस डुगडुगला की संशय येतो.

मग बघत बसायचं. माणूस आधी माउस टेबलावर आपटतो. मग पॅडवर रागाने घासतो, मग वायरलेस माउसचं यूएसबीत बसवलेलं डोंगल काढून पुन्हा लावतो, मग शेजाऱ्याकडे सेल मागतो. सेल बदलायला माउस पालथा केला की चिठ्ठी समोर. मी तिच्यावर लिहितो, "सेल ठणठणीत आहे. चहा माझ्याकडून." मला उठून जावं लागत नाही, सांगावं लागत नाही, काही पूर्ववत करावं लागत नाही. गुन्हेगार, कबुलीजबाब आणि भरपाई, सगळं त्या बोटभर कागदावर असतं. मी गावाला गेलो तरी गंमत जागच्या जागी संपते.

आणखी एक, ज्याकडे माझं बऱ्याच उशिरा लक्ष गेलं. कागदाला पासवर्ड लागत नाही. बाकी सगळ्या खोड्यांसाठी दुसऱ्याच्या उघड्या राहिलेल्या मशीनवर बसावं लागतं. 'उद्या सगळ्यांना माझ्याकडून वडापाव' असा मेल त्याच्या नावाने टाकण्याची रीत आयटी कंपन्यांत जुनी आहे, पण मालकाच्या परवानगीशिवाय कंप्युटर हाताळणं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं आणि कंपन्यांचे नियम त्याहून कडक असतात. वडापावावरून कोणी कोर्टात जाणार नाही हे मलाही कळतं. तरी ज्यांच्याशी फक्त 'गुड मॉर्निंग'पुरती ओळख आहे, त्यांच्या बाबतीत मी कागदावरच थांबेन.

कागदाची लंगडी बाजूही सांगायला हवी. जे नुसत्या टचपॅडवर काम करतात त्यांच्यापुढे तो निरुपयोगी आहे, आणि अशांची संख्या वाढतेय. एका माणसावर तो एकदाच चालतो. काही जण इतके सराईत असतात की चौथ्या सेकंदाला माउस पालथा करतात. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये गोळ्याचे माउस होते, त्यातले गोळे पोरं खिशात घालून न्यायची आणि लॅब असिस्टंट रोज संध्याकाळी मोजून घ्यायचे. त्या काळात वाढलेल्या माणसाचा हात अजून आधी माउसच्या पोटाकडेच जातो. त्यांच्यासाठी जादा वायरलेस माउस बरा: त्याचं डोंगल त्यांच्या मशीनला मागून लावायचं आणि आपण दोन टेबलं सोडून अधूनमधून बाण सरकवायचा. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद असू शकतं. शिवाय डोंगल परत आणायला पुन्हा तुम्हालाच जावं लागतं, म्हणजे मूळ दुखणं आलंच.

म्हणून घरात, एकाच छताखाली, वेळ हाताशी असेल तर वॉलपेपर जरूर करा, फक्त मूळ फोटो आधी दुसरीकडे ठेवून घ्या. बाकी ठिकाणी माझं मत कागदाला.

अप्पांना मी खरं काय ते त्याच वर्षी दिवाळीत सांगितलं आणि साडेतीनशे रुपयेही पुढे केले. ते नुसतं "हं" म्हणाले आणि पैसे खिशात ठेवले. भाऊबीज झाल्यावर पुण्याला आलो, सोमवारी ऑफिसात लॅपटॉप उघडला, तर माउस चालेना. मी तो टेबलावर आपटला, डोंगल काढून लावलं, शेजारच्याकडून सेलसुद्धा घेतला. पालथा केला तेव्हा पोटावर पंचांगाच्या पानाचा तुकडा होता, घरच्या खळीने चिकटवलेला. त्यावर अप्पांच्या अक्षरात: "व्हायरस. रु. ३५०."