डीजे मिक्सचं मास्टरिंग: थेट लिमिटर की आधी हाताने लेव्हल?

मिक्समधली गाणी आधीच मास्टर झालेली असतात, म्हणजे प्रकाशनाआधी त्यांच्या आवाजावर शेवटचा हात फिरलेला असतो. त्यामुळे प्रश्न मुख्यतः लेव्हलचा, म्हणजे आवाजाच्या पातळीचाच उरतो.

थेट लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर जाणारा आवाज दाबणारं साधन) म्हणजे पाच मिनिटांचं काम. सीलिंग, म्हणजे वरची मर्यादा, उणे १ डीबी ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर), मग गेन, म्हणजे आत जाणारा आवाज, वाढवत न्यायचा, रिडक्शन (लिमिटर किती दाबतो ते) ३ डीबीवर गेलं की थांबायचं. पण लिमिटरला गाणी कळत नाहीत, फक्त पीक कळतात. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना, दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढतात तिथेच तो सगळ्यात जास्त दाबतो. किक (ड्रमचा जाड ठोका) दबते, आणि तिच्याबरोबर हाय-हॅटही (झांजेचा बारीक आवाज) खालीवर होत राहतात. कमी आवाजात मास्टर झालेलं जुनं गाणं मात्र मागेच राहतं.

गेन ऑटोमेशनला, म्हणजे गाण्यागणिक हाताने लेव्हल बदलत जायला, तासाभराच्या मिक्ससाठी तासभर तरी जातोच, पण आमचा कौल यालाच. प्रत्येक गाण्याच्या भरगच्च भागाचा शॉर्ट-टर्म लाउडनेस (काही सेकंदांत सरासरी जाणवणारा आवाज) मोजा आणि फरक १ डीबीच्या आत आणा. बदल १६ बारवर (बार म्हणजे सहसा चार बीटचा एक गट) पसरवा. एका बीटवर घेतलेली २ डीबीची उडी लगेच कानाला खटकते. ब्रेकडाउनला, म्हणजे बीट ओसरतो त्या भागाला, हात लावू नका, तो शांतच हवा. फुगलेल्या ट्रान्झिशनपुरता १०० हर्ट्झखाली लो-शेल्फने (फक्त खालचे सूर कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने) २ डीबी कमी करा. मग शेवटच्या लिमिटरला जेमतेम १-२ डीबीचं काम उरतं.

वाजवतानाच मिक्सरवरचे ट्रिम (प्रत्येक गाण्याची लेव्हल ठरवणारे नॉब) नीट जुळवले असतील तर नुसता लिमिटर पुरतो. रेकॉर्डिंगच क्लिप झालं असेल, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटला असेल, तर दोन्ही व्यर्थ: पीक उणे ६ डीबीवर ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा.