रात्रभराच्या दशावतारासाठी ल्यूमिक्स जीएच५एस : आवाज आणि टाइमकोड

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्या कुडाळच्या स्टुडिओतल्या कॅलेंडरवर लग्नांच्या शेजारी दहीकाल्यांच्या, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या रात्रींच्या, तारखा चढतात. लग्नाचे पैसे मिळतात, दशावताराचे जेमतेम पेट्रोल निघेल इतके. तरी तो मी सोडत नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं, कोण कुठला राजा, कोण राक्षस, एवढं रंगपटात तोंडाला रंग लावता लावता ठरतं. पुढचे संवाद नट उभ्या उभ्या, समोरच्याचं ऐकून बोलतात. त्या रात्री एखाद्याच्या तोंडून निघालेलं वाक्य दुसऱ्या रात्री तसंच निघेल याची काही खात्री नाही. म्हणून कॅमेरा घेताना मी आधी त्याची आवाजाची सेटिंग बघते, मग टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवर नोंदली जाणारी वेळ), आणि चित्राकडे शेवटी वळते.

पॅनासॉनिकचा ल्यूमिक्स जीएच५एस मी तीन हंगामांपूर्वी जुना घेतला, ८० हजारांना. हा कॅमेरा २०१८ सालचा. सेन्सर १० मेगापिक्सेलच्या जरा वर, म्हणजे फोटोंच्या अल्बमसाठी कुणी घेऊ नये. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. मला दोन्हींची अडचण नाही, कारण माझा कॅमेरा रात्रभर ट्रायपॉडवरच असतो. दिवे कमी असतील तिथे ४०० आणि २५०० असे दोन मूळ आयएसओ (प्रकाश टिपण्याच्या पातळ्या) कामाला येतात. संकासुराचा काळा वेश काळ्या पडद्यापुढेसुद्धा वेगळा दिसतो. चित्राबद्दल माझं एवढंच म्हणणं.

त्याच्या आधीच्या हंगामातली एक रात्र सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा माझ्याकडे दुसरेच दोन साधे कॅमेरे होते. दोन्हीचा आवाज ऑटोवर, टाइमकोड जसा खोक्यातून आला तसा. सकाळी दहीहंडी फुटली आणि माझ्याकडे दोन्ही कार्डांवर मिळून सत्तरच्या वर क्लिपा होत्या. प्रत्येक कॅमेऱ्याचा टाइमकोड फक्त रेकॉर्डिंग चालू असताना पुढे सरकलेला, त्यामुळे एकाचा दोन तास दहा मिनिटं म्हणजे दुसऱ्याचा कितीही. नटांच्या ओठांकडे आणि पखवाजावरच्या हाताकडे बघत मी त्या क्लिपा अकरा दिवस जुळवल्या. जुळल्यावर ऐकलं तर मुख्य नटाचं स्वगत झांजेखाली चिरडलेलं. झांज पडली की ऑटो आवाज खाली ओढायचं, नट हळू बोलला की मंडपातली कुजबुज वर यायची. ते स्वगत गेलं ते गेलंच. मला ते अजून लागतं, कारण चूक माझी होती; दोन्ही सेटिंगं त्या कॅमेऱ्यांतही होती आणि मी ती कधी उघडून बघितली नव्हती.

आता जीएच५एसच्या आवाजाकडे येते. बाहेरच्या माइकसाठी ३.५ मिमीचं भोक पुष्कळ कॅमेऱ्यांना असतं. याच्या मेनूत त्या भोकाला तीन रूपं देता येतात : प्लग-इन पॉवर लागणारा माइक, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा माइक, आणि लाइन. हे तिसरं फार मोलाचं आहे. जत्रेत साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्यायची सोय बहुतेक वेळा होते. पण मिक्सरमधून येतो तो लाइनचा जोरदार सिग्नल. तो माइकच्या जागी घातला तर पट्टी कितीही खाली ओढा, आवाज फाटलेलाच येतो. लाइन निवडली की तोच आवाज स्वच्छ. साउंडवाल्या दादांना मी संध्याकाळीच गाठते, त्यांच्यासोबत चहा घेते आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळा आउट मागते. मेन आउटमधून घेतलं तर लोकांसाठी त्यांनी आवाज वाढवला की माझाही वाढतो.

पातळीचं सेटिंग डेसिबलमध्ये आहे. लाइनवर मी उणे ९ डीबीपासून सुरुवात करते आणि झांजवाल्या काकांना म्हणते, "काका, युद्धाची वाजवा." ते वाजवतात, मी मीटर बघते. तीन हंगामांत एक गोष्ट पक्की कळली : तपासणीच्या वेळी कुणीच युद्धासारखं वाजवत नाही. मंडप रिकामा असतो, हात अजून थंड असतो. पहाटे तीनला राक्षस हातघाईवर आला की तीच झांज निदान ६ डीबी वर जाते. म्हणून तपासताना सर्वात मोठा ठोका मीटरवर उणे १८च्या आसपास बसवायचा, म्हणजे रात्री तो उणे १२पाशी राहतो. उणे १२ आणि शून्य (त्याच्या वर आवाज फाटतो) यांमधली जागा रिकामी दिसते म्हणून नवी मुलं पट्टी वर ढकलतात. ती जागा राखून ठेवलेली असते, पहाटेच्या त्या एका ठोक्यासाठी.

लिमिटर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय, मी बंद ठेवते. भाषणाला, मुलाखतीला तो चांगला, खुशाल लावा. पण पेटी आणि झांज एकाच वायरीतून येत असतील तर कुठल्याही कॅमेऱ्यातला लिमिटर झांजेला दाबताना पेटीलाही दाबणार, ते त्याचं कामच आहे. पेटीचा सूर ठोक्याठोक्याला बसतो आणि उठतो, आणि ज्याला गाणं कळतं त्याला ते पहिल्या मिनिटात टोचतं.

हेडफोनच्या आवाजासाठी एक सेटिंग आहे, ज्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात रिअलटाइम आणि रेक साउंड असे दोन पर्याय. रिअलटाइमवर कानात येणारा आवाज उशीर न होता येतो. रेक साउंडवर कार्डावर जे उतरतंय ते ऐकू येतं, पण किंचित मागून. समोर प्रत्यक्ष पखवाज वाजतोय आणि कानात तोच क्षणभर उशिरा, असं रात्रभर ऐकलं तर डोकं उठतं. मी दहा-दहा मिनिटांनी रेक साउंडवर जाऊन खरखर, गुणगुण नाही ना हे ऐकते आणि परत रिअलटाइमवर येते. एका जत्रेत जनरेटरची गुणगुण अशीच सापडली. माझा चार्जर जनरेटरच्या बोर्डातून काढून बॅटरीवर आले, गुणगुण गेली. नुसत्या मीटरकडे बघून ती कधीच कळली नसती.

कॅमेऱ्यातला आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा. पॅनासॉनिकचा डीएमडब्ल्यू-एक्सएलआर१ हा जोड वर बसवला तर दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या जाड वायरीची जोडणी) माइक, त्यांना लागणारे ४८ व्होल्ट आणि २४ बिटपर्यंत जाता येतं. तो मी घेतला नाही, कारण मला दोनपेक्षा जास्त माइक लागतात. त्याऐवजी झूमचा एफ४ रेकॉर्डर घेतला : चार एक्सएलआर, शिवाय टाइमकोडसाठी बीएनसीची (फिरवून बसवायच्या गोल जोडाची) दोन टोकं, आत आणि बाहेर. कॅमेऱ्यात मिक्सरचा आवाज राहतो, रेकॉर्डरवर पेटी, पखवाज आणि मंचाचे दोन माइक वेगळे. आणि इथूनच टाइमकोडची गरज सुरू होते.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या पाठीवरचा पत्ता : तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. जीएच५एसमध्ये तो दोन तऱ्हांनी चालतो. रेक रन म्हणजे रेकॉर्डिंग चालू असतानाच पुढे जाणार. फ्री रन म्हणजे घड्याळासारखा सतत, कॅमेरा बंद असला तरी. एकच कॅमेरा असेल तर रेक रन ठीक. दुसरं कुठलंही यंत्र सोबत असेल तर फ्री रनच हवा, त्यात माझं दुमत होणार नाही. सुरुवातीचा आकडा शून्यावर आणता येतो, हाताने भरता येतो किंवा सध्याची वेळ घेता येते. मी सध्याची वेळ घेते. त्याचा फायदा एडिटिंगच्या टेबलावर कळतो. वहीत मी लिहिलेलं असतं, "२.४०, नारदाचा प्रवेश". कुठल्याही क्लिपचा दोन चाळीस काढला की नारद समोर उभा. स्लो मोशनसाठी व्हेरिएबल फ्रेम रेट लावला तर मात्र कॅमेरा आपोआप रेक रनवर जातो, हे ध्यानात ठेवा.

ड्रॉप फ्रेम, नॉन-ड्रॉप फ्रेम हा शब्द बघून पुष्कळ जण घाबरतात. अमेरिकेसारख्या देशांत सेकंदाला २९.९७ फ्रेम चालतात. आकडे मात्र ३०च्या हिशोबाने मोजले तर तासाला टाइमकोड खऱ्या वेळेपेक्षा ३.६ सेकंद मागे पडतो. म्हणून दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. फ्रेम एकही जात नाही, नुसते आकडे गळतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपण २५वर शूट करतो, आणि २५मध्ये ही भानगड मुळातच नाही. कॅमेऱ्याची सिस्टिम फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवर आहे एवढं बघा. मदतीला येणाऱ्या मुलाने एकदा परदेशातून आणलेला कॅमेरा लावला होता, तो ५९.९४वर. मंडपातल्या ट्यूबलाइट लुकलुकत होत्या आणि टाइमकोड जुळायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मेनू मी स्वतः उघडून बघते, कॅमेरा कुणाचाही असो.

दोन यंत्रांना हाताने सारखीच वेळ दिली तरी बोट दाबण्यात अर्धा-पाऊण सेकंद जातो, आणि पुढे प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या चालीने सरकतं. सात तासांत ओठ आणि शब्द वेगळे व्हायला तेवढं पुरतं. जीएच५एसचं खरं मोल इथे आहे. पुढच्या बाजूला फ्लॅशच्या वायरीसाठी जे गोल भोक आहे त्यातूनच टाइमकोड आत घेता येतो आणि बाहेरही देता येतो. त्यासाठीची छोटी बीएनसी वायर कॅमेऱ्यासोबत मिळते. मी रेकॉर्डरला मुख्य घड्याळ करते, त्यावर २५ नॉन-ड्रॉप लावते, कॅमेरा फ्री रनवर आणि बाहेरचा टाइमकोड आत घेण्यावर. वायर जोडली की स्क्रीनवरचे आकडे टुणकन उडी मारून रेकॉर्डरच्या आकड्यांवर जाऊन बसतात. तो क्षण मी दर वेळी डोळ्यांनी बघते, फ्रेमचा शेवटचा आकडासुद्धा. मग वायर काढली तरी चालतं. एफ४च्या घड्याळाची अचूकता ०.२ पीपीएम (दहा लाखात ०.२ची चूक) सांगितलेली आहे, म्हणजे दिवसभरात अर्धी फ्रेमही इकडेतिकडे नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र त्याचं स्वतःचं. त्यामुळे बॅटरी बदलायला कॅमेरा बंद केला की मी पुन्हा वायर लावून घेते. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा पूर्वरंग, संपून आख्यान सुरू व्हायच्या आधी एकदा, मध्यरात्रीनंतर एकदा. अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसऱ्या कॅमेऱ्याला टाइमकोडचं भोक नाही. त्याला भाड्याने आणलेली छोटी टाइमकोडची डबी लावते आणि तिचा सिग्नल माइकच्या डाव्या चॅनेलवर रेकॉर्ड करते. ऐकायला रातकिड्यासारखी कर्कश किरकिर, पण डाविन्ची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या किरकिरीतून बरोबर वेळ वाचतं. पातळी मध्यम ठेवा. जोरात ठेवली तर किरकिर उजव्या चॅनेलमध्ये झिरपते.

मागच्या हंगामातल्या शेवटच्या दहीकाल्याच्या क्लिपा रिझॉल्व्हमध्ये टाकल्या आणि टाइमकोडवर जुळवा म्हटलं. चहा गाळून आणेपर्यंत दोन कॅमेरे आणि रेकॉर्डरचे चार ट्रॅक एकाखाली एक लागले होते. पूर्वीचे ते अकरा दिवस आठवून मी थोडा वेळ नुसती बघत बसले. चार दिवसांनी त्या रात्रीचे राजा झालेले आजोबा स्टुडिओत आले. दारातूनच विचारलं, "बाय, माझो आवाज गावलो मां?" मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि वनवासाला निघतानाचं त्यांचं बोलणं लावलं. मागे झांज होती, पेटी होती, आणि त्यांचा एकेक शब्द सुटा ऐकू येत होता. त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर हेडफोन न काढताच म्हणाले, "ह्यां मीच बोललंय?" आणि पुन्हा लावायला सांगितलं.

एक सोय लगेच करून ठेवा. टाइमकोड आणि आवाजाची सेटिंगं मेनूत वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि अंधारात ती शोधणं जिवावर येतं. माय मेनूत पाच ओळी भरून ठेवल्यात : माइकचं भोक, आवाजाची पातळी, लिमिटर, हेडफोनचा आवाज, टाइमकोड. रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही आणि दोन कार्डं एकापाठोपाठ भरता येतात, त्यामुळे रात्री सेटिंगांखेरीज दुसरी काळजी उरत नाही.

नवीनच घ्यायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर २०२४चा जीएच७ बघा. त्यात डीएमडब्ल्यू-एक्सएलआर२ जोडून ३२ बिट फ्लोटमध्ये आवाज घेता येतो, म्हणजे पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. माझ्यासारखं जत्रा, कीर्तन, गावचं नाटक रात्र-रात्र शूट करणाऱ्याला जुना जीएच५एस अजून पुष्कळ वर्षं पुरेल. जुना घेताना लोक शटर बघतात, स्क्रीन बघतात. तुम्ही खोक्यातली ती वीतभर बीएनसी वायर आधी मागा, आणि पैसे द्यायच्या आधी ती लावून आकडे उडी मारतात का बघा.